उचकी

जेवता जेवता दत्तारामला उचकी लागली ती थांबेचना. पाणी झालं, साखर झाली. मग सुलभाने आठवण काढणाऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. "पुण्याची लेक? विहीणबाई? तुमची बेळगावची मावशी?"

एकाही नावाला उचकी दाद देईना. "मग पलीकडचे थोरले असतील!" ती वैतागून बोलून गेली आणि तिनेच तोंडावर हात ठेवला. परसातल्या शेवग्यावरून भांडून भावाभावांनी मधे भिंत घातली, तेव्हापासून थोरल्या दिरांचं नाव या घरात निघत नव्हतं.

उचकी थांबली.

"पाण्याने थांबली," तो दरडावून म्हणाला. "दादा कशाला माझी आठवण काढतोय?" पण दादा म्हणताना त्याचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून एक सणसणीत उचकी ऐकू आली. मग दुसरी. पाठोपाठ जाऊबाई, "अहो, पाणी घ्या! कोण एवढी आठवण काढतंय तुमची?"

सुलभाचे डोळे विस्फारले. दत्ताराम उष्ट्या हातानेच उठला.

"सांगून येतो," तो म्हणाला, "नाहीतर थांबायची नाही त्याची."