आजीचं रेकॉर्डिंग

मारिबेलचा ऑनर्स स्पॅनिशचा प्रकल्प बुडाला. सॅन अँटोनियोतल्या आपल्या स्वयंपाकघरात मात्र असं काही घडलंच नाही, अशा थाटात आजी तव्यावर मिरच्या भाजत राहिली.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी स्पॅनिशमध्ये तासभर गप्पा मारून त्या रेकॉर्ड करा, असं कॉलेजने सांगितलं होतं. त्याशिवाय ऑनर्स नाही, आणि ऑनर्स नाही तर शिष्यवृत्ती नाही. आजीची तर ती मायबोली. पण फोन समोर ठेवल्यावर आजीने तासभर फाडफाड इंग्रजीत हवामान सांगितलं.

"आजी, मांजराला शिव्या देतेस तेवढं तरी स्पॅनिश बोलायचंस!"

"मांजर कुठं रेकॉर्ड करतंय?"

"अगं, पण एवढं घाबरायचं काय त्यात?"

आजीने तवा उतरवला. "आमच्या शाळेत फक्त इंग्रजी चालायचं; तोंडातून स्पॅनिश शब्द निघाला की बाई लाकडी फळीने झोडायच्या. म्हणून तर तुझ्या आईला शिकवलं नाही, तुलाही नाही. आणि तू आता तेच शिकायला कॉलेजात फी भरतेस? धन्य आहेस बाई!"

मारिबेलने लॅपटॉप ओढला आणि इतर संस्थांत केलेल्या अभ्यासाची क्रेडिट्स वर्ग करून देणाऱ्या कॉलेजच्या विभागाला अर्ज लिहिला.

 

"महोदय, माझ्या आजीने शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल खाल्लेला मार हा आधीच्या संस्थेत पूर्ण केलेला अभ्यासक्रम समजून त्याची क्रेडिट्स माझ्या नावावर वर्ग करण्यात यावीत, ही नम्र विनंती."