आवळा चालेल

"अगं, आवळा चालेल म्हणाले डॉक्टर!" दारातूनच त्यांनी पिशवी उंचावली. बायकोचे नवे रिपोर्ट दाखवून ते आत्ताच आले होते.

किरणोपचार सुरू झाले तेव्हा याच आवळ्याच्या रसावरून डॉक्टर चिडले होते. "किरणांमुळे तयार होणारे फ्री रॅडिकल्सच गाठ मारतात. तुम्ही पेले भरभरून अँटिऑक्सिडंट पाजलंत तर गाठच वाचायची!" घरी येऊन त्यांनी किसणी माळ्यावर टाकली होती.

आज ते गुणगुणत आवळे किसत होते. बोट खरचटलं तरी थांबले नाहीत. "किरणसुद्धा बंद करू म्हणाले. आवडेल ते खाऊ द्या म्हणाले. सुधारतेयस बघ!"

अंथरुणातून ती त्यांच्याकडे बघत राहिली. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं होतं तिने. गाठीवर इलाज उरला नाही की पथ्यही उरत नाही, हे तिला कुणी समजावायला नको होतं.

त्यांनी पेला पुढे केला. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता.

"तरीच आज बरं वाटतंय," ती म्हणाली आणि सगळा रस प्यायली. "आता घोटभर पाणी द्या हो. आवळ्यावर गोड लागतं."