चौथं स्थळ आणि कॅमशाफ्टचा बुश

धम्मशीला ताडकळसच्या गॅरेजात ट्रॅक्टरचं इंजिन खोलून बसली होती, म्हणून तिला बघायला आलेले पाहुणे थेट तिथंच येऊन टेकले. मुलगा बोरीच्या शाळेत मास्तर; सोबत त्याची आई आणि मामा. त्याच्या मामांनी "स्वयंपाक येतो का?" विचारलं. ती "येतो" म्हणाली आणि तिनं टेबलावर दोन हत्यारं मांडली. एक हातोड्यानं ठोकायचा दांडा, दुसरा आटे फिरवून बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची धातूची कडी, आत ओढणारा पुलर.

"कॅमशाफ्टचा बुश बसवायचाय. तुमी काय घेताल?"

तिचे वडील उत्तमराव घाईघाईनं कपांत चहा ओतायला लागले. आधीची तीन स्थळं याच प्रश्नावर चहा न घेता उठली होती.

मुलानं बराच विचार करून ठोकायच्या दांड्याला हात घातला, तोच त्याच्या आईनं तो हात बाजूला सारला. "ठोकून वाकडा बसंल की रे. पुलर घे. अन् बुशाचं तेलाचं भोक इंजिनाच्या भोकासमोर आलं का, ते आधी बघ." मळ्यातलं डिझेल इंजिन तीस वर्षं आपणच खोलतो, असं सांगत तिनं पदर खोचला.

पुढचा अर्धा तास दोघी इंजिनात डोकं घालून होत्या. मुलगा बॅटरीचा उजेड धरून उभा होता आणि मामांचा तिसरा चहा चालला होता.

बुश बसला. उत्तमरावांनी लेकीला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "मग, पोरगा कसा वाटला?"



"पोराचं मागून बघू, बाबा. आधी सासू पक्की करा."