हॅनाचा एमॉस

"ईनॉकचा सेथ, डोक्याकडे, उजवीकडे," जेबेझने दारात उभं राहून पुकारलं. "ईनॉकचा लीवाय, डोक्याकडे, डावीकडे."

दोघे भाऊ टोप्या काढून आत गेले. अंगणातल्या माणसांत एमॉस सगळ्यांत मागे, दगडी कुंपणाला टेकून उभा होता. टोपी त्याने मघाशीच काढली होती.

या डोंगरातल्या गावात शवपेटी उचलायला सहा जण लागतात, आणि ते सहा कोण हे जेबेझ मयताच्या दारात नाव घेऊन पुकारतो. नाव म्हणजे बापाचं नाव लावून. आडनावाचा इथे काडीचा उपयोग नाही. गावात कुठेही दगड भिरकावा, तो एखाद्या हॉजसनलाच लागायचा. हॉजसन म्हणजे हॉजचा मुलगा. तो हॉज कोण आणि कधी मेला, हे पाद्रीबाबांनाही ठाऊक नाही. हे आडनाव पोलिसासाठी, पोस्टमनसाठी आणि बाहेरून आलेल्या माणसासाठी. आपसांत बोलताना बिलच्या जॉनचा टेड, सायमनचा पीटर, असंच. कुणाकुणाचं नाव तर पार पणजोबापर्यंत जायचं. एमॉसचं मात्र आईपाशी येऊन थांबायचं. पन्नाशी उलटली तरी तो हॅनाचा एमॉस. बाप म्हणाल तर कागदावरचा तो हॉज, तोही साऱ्या गावाशी वाटून घेतलेला.

खरा बाप कोण हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुणी ते बोलत नसे, एवढंच. तो बाप आता आत पेटीत होता.

"मधे, जॉनचा टेड. मधे, सायमनचा पीटर. पायाकडे, अल्बर्टचा जॉब. पायाकडे..."

जेबेझ अडखळला. सहाव्या माणसाने सकाळीच खोकल्याने अंथरूण धरलं होतं. जेबेझने अंगणावरून नजर फिरवली आणि ती एमॉसवर येऊन थांबली.

एमॉस कुंपण सोडून ताठ उभा राहिला. त्याला घर नको होतं, मेंढरं नको होती. चारचौघांत एकदा कुणीतरी 'ईनॉकचा एमॉस' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हातारा जिवंत असताना ते कुणाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आज नाही निघालं, तर पुढे कधी निघायचं कारणच नव्हतं.

"हॅनाचा एमॉस," जेबेझ म्हणाला. "पायाकडे, डावीकडे."

डोक्याकडची जागा मुलांची, पायाकडची शेजाऱ्यापाजाऱ्यांची. एमॉस आत गेला.

पेटी खांद्यावर घेतली आणि लगेच कलली. सेथ ताडमाड, आणि लीवाय त्याच्या काखेत मावेल एवढा. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. खुर्चीत बसलेल्या बेटीने, ईनॉकच्या बायकोने, डोळे मिटून घेतले.

"ठेवा, ठेवा खाली," जेबेझ म्हणाला. "असं नेलंत तर म्हातारा अर्ध्या वाटेत उतरून चालायला लागेल. लीवाय, तू पायाकडे जा, जॉबच्या जोडीला. सेथच्या जोडीला आता..."

त्याने टेडकडे बघितलं, पीटरकडे बघितलं. एमॉसकडे बघायचं तो टाळत होता. सेथएवढा उंच, सेथसारखाच डावा खांदा जरा खाली झुकलेला, असा खोलीत एकच माणूस होता.

"जेबेझ, उगाच मापं काढत बसू नकोस," बेटी डोळे न उघडताच म्हणाली. "त्याला घे डोक्याकडे. आंधळ्यालाही दिसेल ते."

या वेळी पेटी अशी सपाट उचलली गेली, की वर दुधाचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता.

पेटीखालून जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकायचा, अशी इथली पद्धत. नाहीतर चढावर तोल जातो. सेथचा हात आला. आधी नुसता टेकलेला, मग चर्चच्या चढावर घट्ट. दोघांची घरं एकाच गल्लीत होती, पण इतक्या वर्षांत तो हात एमॉसला कधी लागला नव्हता. चर्च अजून दोन डोंगर पलीकडे असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. वारा बोचरा होता, तरी त्याला थंडी वाजत नव्हती.

खड्ड्याशी पेटी उतरली आणि हातही उतरला.

माती देऊन झाल्यावर सेथ चर्चच्या फाटकाशी उभा राहिला. पेटी उचलणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन, त्याचं नाव घेऊन आभार मानायचे, मग सगळ्यांनी मिळून खानावळीत चहा आणि हॅम घ्यायला जायचं, अशी रीत.

"फार केलंस, जॉनच्या टेड."

"अरे, आमचाच होता तो."

"फार केलंस, सायमनच्या पीटर."

"फार केलंस, अल्बर्टच्या जॉब."

मग एमॉस पुढे झाला. सेथने हात धरला आणि तोंड उघडलं. नुकतंच बापाला पुरून आलेल्या त्याच्या तोंडून हॅनाचं नाव निघेना. दुसरं नाव तर त्याहून निघेना. मागे लीवाय उभा होता, त्याच्या मागे सारं गाव. सेथचे कान लाल झाले. त्याने नजर बुटांकडे नेली.

"फार केलंत तुम्ही," तो शेवटी म्हणाला, "मिस्टर हॉजसन."

एमॉसने हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

"त्यात काय, ईनॉकच्या सेथ," तो म्हणाला.

त्याने टोपी घातली आणि खानावळीकडे न वळता तो खालच्या वाटेला लागला. फाटकाशी दाटीने उभी असलेली माणसं, परगावच्या पाहुण्यासाठी व्हावं तशी, अदबीने बाजूला झाली.