शेवट पुढच्या दुकानात

जुनं शहर दाखवत, वाटेत खाऊ घालत पाहुण्यांना फिरवणाऱ्या ताईची एक युक्ती होती. धान्याच्या कोठीपाशी ती गोष्ट सुरू करायची. दुष्काळात शेठजींच्या स्वयंपाकिणीनं या कोठीत शिरून आतून कडी लावली... "शेवट पुढच्या दुकानात, गरम पावाबरोबर!" मग कुणी रेंगाळत नसे.

आज मात्र एक गृहस्थ पावाला शिवलेसुद्धा नाहीत. "आधी सांगा, ती कडी काढते का?"

ताईच्या मनात पाल चुकचुकली. गोष्टी पळवायला आलेला दुसरा गाईड दिसतोय!

"एवढी कसली घाई, काका?"

"मला नाही हो, आईला. कोठीसमोरच्या वरच्या खिडकीशी तिचा पलंग आहे, उठवत नाही तिला. वर्षभर रोज अर्धीच गोष्ट ऐकतेय. काल फर्मान सोडलं, तिकीट काढ आणि शेवट घेऊन ये."

ताईला हसू आलं. "तुमच्याबरोबर नाही पाठवायची मी शेवट. उद्या खिडकी उघडी ठेवा."

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली उभं राहून, आवाज चढवून तिनं सगळं सांगितलं. कडी तशीच राहिली, पण मागच्या झरोक्यातून धान्य वाटत स्वयंपाकिणीनं अख्खी गल्ली जगवली.

"अगं बाई! शहाणी गं!" वरून थकलेला, खूश आवाज आला.

ताईनं पाहुण्यांना जरा थांबवलं आणि लगेच दुसरी गोष्ट काढली. त्याच गल्लीतला एक भटारी रोज पहाटे एक पाव लपवून ठेवायचा. कुणासाठी, तर...

"कुणासाठी गं?"

"उद्या सांगते, आजी."