हिरव्या चिठ्ठीचा पिंजरा

देवपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई असलेल्या भिकनभाऊंना ललित सरांनी काम नीट समजावून दिलं होतं. लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना पाण्यात फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर, कालवून द्यायची. हिरव्या चिठ्ठीच्या पिंजऱ्याला नुसतं साधं पाणी. पहिल्याच दिवशी लाल पिंजरा बाटलीवर तुटून पडला आणि शेजारचा हिरवा पिंजरा जाळीला नाक लावून बघत बसला. भाऊंच्या जिवाला ते फार लागलं.

सर दर शनिवारी यायचे. दारातूनच "भाऊ, चाललंय ना सगळं?" एवढं विचारायचे आणि उंदरांची वजनं, रक्तातली साखर यांचा तक्ता भरायला घरी जायचे.

आठ आठवड्यांनी शोधनिबंध झाला, जळगावच्या परिषदेत त्याला पहिलं बक्षीसही मिळालं. सत्काराच्या दिवशी पडद्यावर आलेख झळकला. लाल पिंजऱ्याची साखर आभाळाला भिडलेली, हिरवा पिंजरा ठणठणीत. टाळ्या थांबेनात. सर मोठ्या मनाचे, त्यांनी भाऊंनाही शाल पांघरली आणि दोन शब्द बोलायला माइकपुढे उभं केलं.

भाऊ लाजले, घसा खाकरला.

"मी काय बोलू? पण एकच पंगतमा एकले गोड अन् दुसराले साधं, हाई माले पटनं नही. मी पहिला दिनपाईन लाल काय, हिरवा काय, बठ्ठास्लेच गोड पानी दिधं."