न दाखवलेला चेहरा

सकाळचा उजेड त्या दिवाणखान्यात कधी सरळ येत नसे. समोरच्या इमारतीच्या काचांना लागून तो आधी गॅलरीत उतरे, वाळत घातलेल्या चादरीतून गाळला जाई आणि मग नवख्या पाहुण्यासारखा अंग चोरून दाराशी थबके. तिथून फरशीची एकेक लादी ओलांडत तो आत येई. सोफ्याच्या झिजलेल्या हातावर, कालच्या वर्तमानपत्रावर, टीव्हीच्या काळ्या काचेवर उमटलेल्या बोटांच्या ठशांवर सारख्याच मायेने पसरे. या उजेडात लपून राहील असे घरात काहीच नव्हते. म्हणूनच भयपट पाहायचा तो सकाळी, असा ताईच्या धाकट्या भावाचा दंडक होता.

“रात्री काय, खुंटीवरच्या सदऱ्याचंसुद्धा भूत होतं,” तो म्हणे. “भर उजेडात घाम फोडेल तो खरा भयपट.”

ताई हे लहानपणापासून ऐकत आली होती. त्याचे ‘समीक्षक’ हे नावही तिनेच ठेवलेले. सुट्टीच्या सकाळी दोघे या सोफ्यावर खेटून बसत. आज त्या दोघांच्या मध्ये तिचा होणारा नवरा बसला होता. पेशाने दातांचा डॉक्टर. अंगाने ऐसपैस, आणि हसणे अंगाहून ऐसपैस.

“सरका हो थोडे, समीक्षक,” तो म्हणाला.

ते नाव परक्या तोंडून ऐकताच धाकट्याच्या कपाळाला आठी पडली. तो सरकला. आता त्याला ताईचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता डॉक्टरचा कान, आणि त्याच्या पलीकडून ताईचे हसणे नुसते ऐकू येत होते.

“मला बुवा ती मालिका आवडते,” डॉक्टर म्हणाला. “जिन्यातल्या बाईची.”

“आठ भाग झाले, ती बाई अजून जिन्यातच आहे,” धाकटा म्हणाला. “एव्हाना घरमालकानं तिच्याकडून भाडं घ्यायला हवं होतं.”

ताई खळखळून हसली. पण टाळी तिने डॉक्टरला दिली.

धाकट्याचा आवाज आपोआप चढला. “भीती दाखवायची नसते, डॉक्टर. आता या चित्रपटात बघा. ती बाई कपाट उघडते, पण आत जो उभा आहे त्याचा चेहरा दिग्दर्शक एकदाही दाखवत नाही. सगळी थोरवी तिथे आहे. हो की नाही गं, ताई?”

“बघू दे ना त्याचं त्याला,” ताई म्हणाली, आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

चित्रपट जुना होता, काळा-पांढरा, भावंडांनी कैकदा पाहिलेला. रिकाम्या घरात एक बाई एकटी. कपाटाच्या आतून कुणीतरी नखाने लाकूड खरवडत असलेले. ती उठली. तिचा हात कडीकडे गेला आणि संगीत एकाएकी थांबले.

या क्षणी धाकट्याची मान नेहमी ताईकडे वळे. खरी भीती पडद्यावर नव्हे, पाहणाऱ्याच्या मुद्रेवर वाचावी, असेही त्याचे एक मत होते. मान आजही वळली. मध्ये डॉक्टर होता. त्याच्या बाहीवर ताईची बोटे घट्ट रुतली होती. आजवर ती धाकट्याच्या मनगटावर रुतत. नखांचे वळ दुपारपर्यंत राहत, आणि ते वळ तो कुणाच्या लक्षात येणार नाही असे निरखत बसे.

“आयला!” डॉक्टर किंचाळला. “काय थोबाड आहे! आणि तुम्ही म्हणता, दाखवत नाहीत?”

“नाहीच दाखवत.”

“अहो, चांगलं पडदाभर दाखवलंय! खालचे पुढचे दोन दात नाहीत त्याला.”

“तुम्हाला जिथेतिथे दातच दिसणार.” धाकटा हसला. त्या हसण्याला ओलावा नव्हता.

“मागे घेऊ? लागली पैज?”

“नको रे, राहू दे,” ताई घाईने म्हणाली. “पुढे जाऊ दे ना.”

त्या घाईत धाकट्याला दया ऐकू आली. एकट्यात ती त्याने गोड मानून घेतली असती. या माणसासमोर ती मिरचीसारखी झोंबली.

“घ्या मागे,” तो म्हणाला.

बाई उलट्या पावलांनी कपाटापासून दूर गेली, खुर्चीत बसली, आणि पुन्हा उठली. धाकट्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि नजर पडद्यावर रोवली. या खेपेला मान वळू द्यायची नव्हती. मान वळली नाही. हात कडीकडे गेला. संगीत थांबले. आणि कडू औषध समोर आलेल्या मुलासारखे त्याचे डोळे गच्च मिटले. पापण्यांच्या आतही सकाळ तांबूस दिसत होती. कडी करकरली. कुणाचा तरी श्वास अडकला. बहुधा त्याचा स्वतःचाच.

“संपलं रे,” ताई हळूच म्हणाली.

“मला काय सांगतेस? मी बघतच होतो की,” डॉक्टर म्हणाला. “काय समीक्षक, मोजले का दात?”

धाकट्याने डोळे उघडले. पडद्यावर ती बाई केव्हाच घराबाहेर पडून रस्त्याने धावत सुटली होती.

कपाटात चेहरा होता. ताईने तो दर वेळी पाहिला होता आणि त्याने एकदाही नाही, कारण त्याला भीती वाटत होती.